न वितळलेला सांधा

यंदाच्या अवरेकाईला वास नाही. शेंगा भरलेल्या आहेत, दाणा टपोरा आहे, पण सोलताना बोटांना जो तेलकट, रानटी वास चिकटतो तो नाही. इथे त्याला सोगडू म्हणतात, आणि दव पडल्याशिवाय तो येत नाही. मी भाजीवालीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "अक्का, दव मी पाडू का आता?" बरोबर आहे तिचं. दोन किलो शेंगा घेतल्या आणि घरी येऊन सोलायला बसले.

बेंगळुरात थंडी म्हणजे अवरेकाई. पुण्याकडचे लोक तिला वाल म्हणतात, पावटा म्हणतात, आणि हे काही तेच नव्हे म्हणून वादही घालतात. घालू देत. दाणे सोलायचे, भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल बोटांत राहते आणि आतली हिरवी डाळ टुणकन ताटात पडते. दोन तास तेच. हात कामात, डोकं रिकामं. रिकाम्या डोक्यात काय येऊन बसेल ते आपल्या हातात नाही. माझ्या डोक्यात या दिवसांत एक पत्रा येतो. दोन पत्र्यांचा मिळून झालेला एक पत्रा.

तीन थंड्या झाल्या त्याला. तेव्हा आमच्या वरच्या खोलीत पल्लवी भाड्याने राहायची. नागपूरची मुलगी, एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला. खोली बघायला आली तेव्हा मी विचारलं, "काय शिकतेस?" ती म्हणाली, "दोन वेगळे पत्रे जोडते, आजी." मी म्हटलं, "मग तू आमच्यातलीच." ती हसली. तिला ती चेष्टा वाटली.

चेष्टा नव्हती. आम्ही तांबट. चिकपेटच्या मागच्या गल्लीत नवऱ्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक भट्टी, एक भाता, चार लोखंडी खुंटे आणि दिवसभराची ठणठण. माझ्या वडिलांचंही तेच काम. मला भाऊ नव्हता, म्हणून चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि हातात हातोडी आली. घागरीचं पोट एका पत्र्याचं, तळ दुसऱ्या पत्र्याचा. दोन्ही कडांना दाते पाडायचे, दात्यांत दाते बसवायचे, वर टाकणखार आणि पितळेची भुकटी घालून भट्टीत धरायचं. पितळ वितळून फटीत उतरलं की डाख बसला, झाला सांधा. मग तो खुंट्यावर ठेवून मठारायचा, म्हणजे बारीक बारीक ठोके देत सपाट करायचा, इतका की बोट फिरवलं तरी लागू नये. वडील म्हणायचे, "दिसला तो सांधा नव्हे." गिऱ्हाइकाने सांधा बोटाने दाखवला तर घागर परत घेत. आता भट्टीच्या जागी गाद्यांचं गोदाम आहे. खुंटे मात्र मी विकले नाहीत. एक स्वयंपाकघराच्या दारात आहे, त्यावर नारळ फोडते.

पल्लवी पहिल्यांदा पत्रे घेऊन खाली आली तेव्हा मी असंच ताट पुढ्यात घेऊन बसले होते. तिने दोन तुकडे माझ्यासमोर ठेवले. दोन्ही ॲल्युमिनियमचे, दोन्ही पांढरे, जाडी सारखी.

"यातला वेगळा कोणता?" मी म्हटलं. "दोन्ही एकच तर दिसतात."

"दिसतात तसे. ओळखा ना."

मला परीक्षा द्यायला आवडत नाही, पण पत्र्याची घ्यायला चालते. एक तुकडा दोन्ही हातांनी वाकवला. वाकला आणि तसाच राहिला, आज्ञाधारक. दुसरा वाकवला तर सोडल्यावर अर्धा परत उसळला.

"हा नरम आहे. हा कडक आहे आणि शिष्ट आहे."

"बाप्पा!" पल्लवी खालीच बसली. "आम्हाला हे सांगायला मशीन लागते."

मग तिने मला समजावलं. गाडीच्या दाराला, बॉनेटला आत जो पत्रा असतो, तो सगळीकडे सारखा नको असतो. कुठे नरम हवा, म्हणजे साच्यात दाबला की हवा तसा वळेल. कुठे कडक हवा, म्हणजे मार सोसेल. म्हणून दोन जातींचे पत्रे सपाट असतानाच कडेला कड लावून जोडायचे आणि मग तो जोडपत्रा साच्यात दाबून त्याला आकार द्यायचा. आम्ही आधी आकार द्यायचो आणि मग जोडायचो. हे लोक आधी जोडतात आणि मग ठोकतात. मला हे पटलं नाही. मठारणं वेगळं; सांध्यावर असे घाव घालायचे म्हणजे जिथे दुखतं तिथेच बोट घालायचं.

"आणि जोडता कसे? ॲल्युमिनियमला डाख धरत नाही."

हे मी ऐकीव सांगत नव्हते. तांबं तापलं की सांगतं. आधी काळवंडतं, मग लालसर होतं, मग केशरी. किती ताव बसला ते डोळ्यांना दिसतं. ॲल्युमिनियम काही सांगत नाही. पांढरंच असतं, पांढरंच असतं, आणि एकदम भट्टीत लोळागोळा होऊन पडतं. नवऱ्याने एकदा एका शेजारणीचं ॲल्युमिनियमचं पातेलं नरम करायला घेतलं होतं. त्यावर आधी साबण चोळायचा. साबण काळा पडला की लगेच बाहेर काढायचं, अशी युक्ती आहे. त्याचं लक्ष गप्पांत. पातेल्याचा पेढा झाला. त्या घरी मी नवं पातेलं नेऊन दिलं आणि शेजारणीच्या शिव्या खाऊन आले.

"आम्ही वितळवतच नाही," पल्लवी म्हणाली.

"मग?"

"घुसळतो."

हातातला दाणा माझ्या हातातच राहिला. तिने बोटाने ताटाच्या कडेवर दाखवलं. दोन पत्रे एकमेकांना घट्ट भिडवून जाड लोखंडी पाटावर आवळायचे. वरून एक पोलादी दांडा गरागरा फिरत खाली येतो. त्याच्या टोकाला छोटी बोथट खिळी. ती दोन्ही पत्र्यांच्या मधोमध घुसते आणि फिरत फिरत रेषेवरून पुढे सरकते. घासून घासून धातू गरम होतो, मऊ होतो, पण वितळत नाही. या बाजूचा थोडा त्या बाजूला जातो, त्या बाजूचा या बाजूला. खिळी पुढे गेली की मागे तो थंड होऊन एक झालेला.

"आग नाही?"

"नाही."

"डाख नाही, टाकणखार नाही, धूर नाही?"

"काहीच नाही, आजी. पत्रेच एकमेकांत मिसळतात."

मी मोदकांची उकड केली आहे आयुष्यभर. उलथन्याच्या दांड्याने ती घोटताना पीठ एका क्षणी पीठ राहत नाही आणि पाणी पाणी राहत नाही, ते मला माहीत आहे. पण पत्र्याची उकड? माझा विश्वास बसेना. तरी डाळ दाबताना तेच मनात. दुसऱ्या दिवशी तिला जिन्यात थांबवून विचारलं, "खिळी बाहेर काढताना काय होतं? तिथे भोक राहत असेल." ती म्हणाली, "राहतं. तेवढा शेवट कापून टाकायचा." मला बरं वाटलं. कुठेतरी हिशेब लागत होता.

पुढे पुढे हा मला नादच लागला. अजून आहे. मुलगा व्हाइटफील्डला राहतो, कधी न्यायला येतो. त्याच्या गाडीत बसण्याआधी मी दाराच्या आतल्या बाजूने बोट फिरवते. मुलगा म्हणतो, "आई, काय हरवलं?" मी सांगत नाही. वाहतूक तुंबली की शेजारच्या गाड्यांची दारं बघत बसते. गुळगुळीत रंगाखाली कुठे दोन पत्रे एकमेकांत मिसळलेले असतील कोण जाणे. पूर्वी मला तुंबलेल्या रस्त्याचा राग यायचा.

त्या थंडीत पल्लवीने आठ जोडपत्रे करून आणले. यशवंतपूरला एक छोटा कारखाना आहे, तिथलं मशीन ती तासावर घ्यायची; नंजप्पा नावाचा कारागीर ते चालवायचा. आठही पत्रे पुन्हा तिथेच न्यायचे होते, दाबाच्या यंत्रावर. पत्रा कडेने आवळायचा आणि खालून गोल डोक्याचा ठोकळा वर चढवत न्यायचा, म्हणजे पत्र्याला घुमटासारखा फुगवटा येतो. फुगवत राहायचं, फाटेपर्यंत.

"फाडायचेच आहेत तर जोडलेस कशाला?"

"फाटणार तर आहेच, आजी. कुठे फाटते ते बघायचं असते. सांध्यात फाटलं तर माझा सांधा कच्चा. सांधा सोडून नरम पत्र्यात फाटलं, तर सांधा पत्र्याहून पक्का. मग मी जिंकली."

जिंकायला मुदत होती. जानेवारी संपायच्या आत तिला हे सगळं तिच्या सरांपुढे आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपुढे मांडायचं होतं. नाही जमलं तर सहा महिने पुढे. पुण्यात तिला नोकरी ठरली होती, आणि ते लोक सहा महिने थांबणार नव्हते. हे तिने मला एकदाच सांगितलं, पण त्यानंतर ती जेवताना पायाचा अंगठा हलवायची. मला दिसायचं.

एका सकाळी ती पत्रे माझ्या ओट्यावर ठेवून कॉलेजला गेली. खोलीत ओल येते, खाली राहू देत म्हणाली. मी डाळ दाबून हात धुतले आणि वरचा पत्रा उचलून उजेडात धरला. सांध्याच्या पट्टीवर एकामागे एक अर्धगोल वळ्या, कोंबडीने नखाने ओढल्यासारख्या. कडेला धातूची चुरचुरीत झालर वर आलेली. बोट फिरवलं तर टोचली. मनात म्हटलं, पोरगी एवढं शिकून हे असं नेणार लोकांपुढे? सांधा नुसता दिसत नाही, ओरडतो आहे.

पुढचं मी विचार करून केलं नाही. हातानेच केलं. मठारायची हातोडी फळीवरून काढली, खुंट्यावरची नारळाची शेंडी झटकली, पत्रा ठेवला आणि बारीक ठोके द्यायला लागले. हात विसरला नव्हता. वळ्या बसत चालल्या, झालर आत गेली. पंचवीस-तीस ठोके झाले असतील. आवाज बदलला. भरीव ठण होता, त्याचा फुटका खट् झाला. पत्रा उलटा केला. पाठीमागे सांध्याच्या रेषेवर केसाएवढी भेग होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी मोडला होता.

मी काय केलं ते सांगते. पत्रा शेंगांच्या सालांच्या टोपलीखाली ठेवला. हातोडी जागेवर ठेवली. सारू, म्हणजे इथलं सार, उकळायला घातलं. सारूला उकळी येईपर्यंत मी तीन गोष्टी रचल्या: पडला म्हणावं, मांजराने पाडला म्हणावं, सातच होते म्हणावं. आमच्याकडे मांजर नाही. मग मला माझाच कंटाळा आला आणि पत्रा काढून पुन्हा ओट्यावर ठेवला.

दुपारी ती आली. मी म्हटलं, "हा मी ठोकला. फुटला."

तिने आधी पत्रा बघितला, मग हातोडी, मग मला.

"काय करून ठेवलं तुम्ही हे? काहून हात लावला?"

"खडबडीत होता."

"तो तसाच असतो! आजी, ते माझं थिसिस आहे. तुमचं पातेलं नाही!"

आवाज गल्लीत गेला. समोरच्या गादीवाल्याने मान बाहेर काढली आणि "एनायतु, अक्का?" म्हणून विचारलं, काय झालं म्हणून. मी त्याला हाताने जा म्हटलं. पल्लवी रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पत्रा नाकाशी धरून भेगेकडे बघत होती. बराच वेळ. मग हळू आवाजात म्हणाली, "हे ठोक्यानं नाही झालं."

"मग?"

तिने दुसरा पत्रा उचलला, ज्याला मी हातही लावला नव्हता. खुंट्यावर पालथा टाकला, दोन्ही बाजूंनी हात दाबून वाकवला. पाठीमागून शेंग उकलावी तसा सांधा उकलला. तिसरा घेतला. तोही. वरून बघावं तर नीट जुळलेले.

मला तेव्हा कळलं, आणि तिच्या तोंडाकडे बघून कळलं की तिला माझ्या आधी कळलं आहे. खिळी तळापर्यंत गेलीच नव्हती. वरचा धातू घुसळला गेला, खालचा नाही. खाली दोन कडा नुसत्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. वर सांधा, खाली शेजार.

तिने नंजप्पाला फोन लावला. तो तिकडून कानडीत काय बोलला ते मला ऐकू येत होतं, तिला मी मराठीत सांगत गेले. आठवड्यापूर्वी खिळीचं टोक झिजलं होतं, त्याने ते घासून सारखं करून घेतलं होतं, स्वल्प, अगदी स्वल्प. थोडंच. पल्लवीने फोन ठेवला आणि म्हणाली, "त्याची चूक नाही. मशीन लावायच्या आधी खिळी मोजायची असते. मी मोजली नाही. मागच्या वेळची लांबी लिहून टाकली."

मग ती ओट्याला टेकून बसली. मी तिला सारू-भात वाढला. तिने खाल्ला नाही. पाच पत्रे अजून आख्खे होते. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "आजी, दाबताना हे उलटे ठेवले, म्हणजे खालची बाजू आत, तर भेग लवकर दिसत नाही. आकडे बरे येतात. कुणाला कळणार नाही."

"मग ठेव उलटे."

ती चमकली. तिला वाटलं असेल मी कान उपटीन. मी कशाला उपटू? सकाळी मीच टोपलीखाली पत्रा घातला होता.

"ठेव," मी म्हटलं. "पण मग खरा सांधा कुठे फाटतो ते तुला कधी कळणार?"

तिने भाताचं ताट बाजूला सारलं.

"तुला नको असेल कळायला. मला पाहिजे. महिनाभर डोकं खाल्लंस माझं, घुसळतो नि मिसळतो करून. मला बघायचंय ते धरतं की नाही."

खरंच मला तेवढंच हवं होतं. तिची पदवी, तिची नोकरी हे सगळं होतंच, पण मला आतून खाजवत होतं ते वेगळंच. आगीशिवाय दोन धातू एक होतात, हे एकतर खरं होतं किंवा खोटं. उलटे पत्रे ठेवून ते कळलं नसतं.

तिने भात गार झाल्यावर खाल्ला. मग सरांना फोन करून सगळं सांगितलं, न मोजलेल्या खिळीसकट. सरांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, कोरे पत्रे किती आहेत? तीन जोड्यांना पुरतील एवढेच होते. नवे यायला महिना लागला असता. सर म्हणाले, तीन तर तीन. तिन्ही लिहायचे, फुटलेलेही लिहायचे. तीनपैकी दोन धरले तर जानेवारीत उभी राहा. नाहीतर सहा महिने.

यशवंतपूरला मीही गेले. तिने "कशाला, आजी" म्हटलं, पण जोर लावून म्हटलं नाही. चिकपेटहून मेट्रो सरळ जाते. पत्रे मांडीवर धरून मी खिडकीशी बसले होते. समोरच्या बाईने विचारलं, "ट्रे आहेत का?" मी हो म्हटलं.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, तेलाचा वास, दारात तुळस. नंजप्पा माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण पाठीतून वाकलेला. त्याने नवी खिळी काढली, पल्लवीने ती मोजली, त्याने मोजली, पुन्हा पल्लवीने मोजली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. मग त्याने कडक पत्रा एका बाजूला ठेवला आणि नरम दुसऱ्या. मी म्हटलं, "बाजू बदलल्या तर?"

"केट्टु होगत्ते, अक्का." बिघडतं.

"का?"

त्याने खांदे उडवले. पल्लवी म्हणाली, दांडा फिरतो, त्यामुळे एका बाजूला तो पुढे ओढतो आणि दुसऱ्या बाजूला मागे. कडकाला पुढे ओढणारी बाजू द्यायची, तरच तो मिसळतो. नरमाला कुठलीही चालते. मी नंजप्पाला ते कानडीत सांगितलं. तो म्हणाला, "सरी. मला हातानं ठाऊक होतं, तिला पुस्तकानं." पहिल्यांदा दोघं हसले.

मशीन सुरू झालं. मी ठिणगीची वाट बघत होते. ठिणगी नाही. फक्त एक जाड घुमणारा आवाज, आणि खिळी पत्र्यात शिरताना एक कण्हल्यासारखा सूर. दांडा मुंगीच्या चालीने सरकला. मागे त्या अर्धगोल वळ्या उमटत होत्या, ओल्या दिसणाऱ्या, पण ओल्या नव्हत्या. मी हात पुढे केला तर नंजप्पा ओरडला, "स्वल्प निल्ली!" थांबले. थोड्या वेळाने त्यानेच मला पत्रा हातात दिला. कोमट होता, दुधाच्या भांड्यासारखा. पालथा करून बघितला. पाठीवर रेष दिसत नव्हती. मला तरी नाही. मी नखाने शोधली, नख कुठेच अडकलं नाही. वडिलांनी हे बघितलं असतं तर भट्टी कुठे आहे म्हणून शेडभर फिरले असते.

तीन झाले. सगळ्यांनी चहा घेतला. मग दाबाचं यंत्र.

पहिला पत्रा आवळला, ठोकळा खालून चढायला लागला. सपाट पत्र्याला हळूहळू पोट आलं. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. घागरीचं पोट काढायला आम्हाला दोन दिवस लागायचे, हे चहा निवायच्या आत आलं. मग टक् झालं. नंजप्पाने यंत्र थांबवलं. सांध्यातच फाटला होता, एका टोकापासून. नंजप्पा म्हणाला, जोडताना त्या टोकाची पकड सैल राहिली होती. पल्लवीने ते वहीत लिहिलं. अक्षर नीट होतं.

दुसरा. पोट आलं, पहिल्याहून मोठं आलं. टक्. फाटला नरम पत्र्यात, सांध्यापासून बोटभर लांब. पल्लवीने तोंडातून हवा सोडली, पण आनंद नाही केला. एक हुकला, एक धरला. आता सगळं तिसऱ्यावर.

तिसरा आवळायला नंजप्पाने खूप वेळ घेतला. प्रत्येक बोल्ट दोनदा. ठोकळा चढायला लागला. मी सांध्याकडेच बघत होते, म्हणून मला दिसलं. फुगवट्यावर सांध्याची पट्टी मधोमध राहिली नाही. ती हळूच कडक पत्र्याकडे सरकली. नरम बाजू ताणत होती, ताणत होती, आणि सांध्याला आपल्याबरोबर ओढायच्या ऐवजी स्वतःच पातळ होत होती. कुणी सांगितल्याशिवाय. मी पल्लवीचा दंड धरला, तिला दाखवायला, पण तिचे डोळे मिटलेले होते.

"डोळे उघड," मी म्हटलं. "हे पुन्हा दिसणार नाही."

तिने उघडले आणि टक् झालं.

नंजप्पाने बोल्ट सोडले.  पत्रा माझ्या जवळ होता, म्हणून मीच बोट फिरवलं. आधी सांध्यावरून, वरून आणि आतून. आख्खा. मग भेग कुठे आहे ते शोधलं. नरम पत्र्यात होती, तिरकी, चांगली दोन बोटं दूर.

"इथे," मी म्हटलं. "सांधा सोडून."

पल्लवी उलट्या क्रेटवर बसली आणि एवढ्या दिवसांचं रडू एकदम आलं. नंजप्पा घाबरला. "याके, मॅडम, याके?" विचारायला लागला, का म्हणून. मी त्याला म्हटलं, बरं आहे, जिंकली ती. मग तिला म्हटलं, "रड. पण आधी पोटाची उंची मोज."

तिने मोजली. दोनदा मोजली. आकडा मोठ्याने वाचला. पेन घेतलं, पण वहीवर डोळ्यांतलं पाणीच टपटपायला लागलं. मी वही ओढून घेतली, तिला पुन्हा आकडा वाचायला लावला आणि तिने बोट ठेवलं त्या चौकटीत लिहिला.

ती म्हणाली, "आजी, मराठीत लिहिला तुम्ही."

"मला तोच येतो," मी म्हटलं. "बरोबर आहे का ते बघ."

तिने नाक पुसलं, मापावरचा आकडा पुन्हा बघितला, माझा बघितला, आणि म्हणाली, बरोबर आहे.